कर्ज बँकेचे, खोळंबा कागदाचा

बारावीचा निकाल लागला की आपल्या शाळेच्या कार्यालयात माजी विद्यार्थ्यांची आणि पालकांची ये-जा वाढते. दाखला, गुणपत्रिकेच्या प्रती आणि हल्ली हमखास विचारला जाणारा प्रश्न : शैक्षणिक कर्जाचे कसे करावे?

गेल्या वर्षी आपल्या एका माजी विद्यार्थिनीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. बँक कर्ज द्यायला तयार होती. हवे होते एकच पत्र : चारही वर्षांच्या फीचा तपशील, विद्यापीठाच्या सही-शिक्क्यासह. त्यासाठी वडिलांनी चार दिवस कामावर खाडा करून खेटे घातले. सही करणारे साहेब रजेवर होते. अखेर मुदतीच्या दिवशी आईच्या पाटल्या गहाण ठेवून फी भरली. पत्र नंतर आले.

यात आम्ही कारकुनाला दोष देत नाही. दोष पद्धतीचा आहे. बँकांचे काम पुष्कळ पुढे गेले आहे. २०१५ साली विद्यालक्ष्मी पोर्टल सुरू झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. निवडक उच्च शिक्षणसंस्थांत प्रवेश मिळालेल्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळावे, ही तिची मुख्य तरतूद. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि दुसरी सरकारी सवलत घेतलेली नसेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात ३ टक्के सूटही आहे. पण विद्यापीठाच्या खिडकीशी कागद अडला, तर पुढची सारी सोय वाया जाते.

विद्यापीठांना फार मोठे काही करायचे नाही. अभ्यासक्रमाची वर्षवार फी, वसतिगृह आणि खानावळीसह, प्रवेशपत्राबरोबरच डिजिटल सहीने द्यावी. बोनाफाईड दाखल्यावर क्यूआर कोड असावा, म्हणजे बँकेला तो जागच्या जागी पडताळता येईल. डिजिलॉकरमधील गुणपत्रिका कायद्याने मूळ प्रतीइतकीच ग्राह्य आहे. मग साक्षांकित झेरॉक्स पुन्हा पुन्हा कशाला? आणि आपला अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस पडून आहे, हे विद्यार्थ्याला मोबाईलवर दिसावे.

मात्र संगणक आला म्हणून खिडकी बंद होऊ नये. आपल्या मुलांच्या एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. कुठे वडिलांचे नाव पूर्ण, कुठे नुसते आद्याक्षर. यंत्र असा अर्ज परत पाठवते. माणूस तो पाहून मार्ग काढू शकतो.

आपणही हातावर हात ठेवून बसू नये. आपले कितीतरी माजी विद्यार्थी संगणक क्षेत्रात आहेत. विश्वस्त मंडळाने त्यांना बरोबर घेऊन या सूचनांचे निवेदन विद्यापीठाला द्यावे, लागेल ती मदतही देऊ करावी. जूनमध्ये शाळेतच एक मदत-टेबल मांडावे. पालकांनी प्रवेशाची वाट न पाहता उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढावा. आणि मुलांनो, कर्ज म्हणजे बक्षीस नव्हे, हप्ता किती पडेल ते सही करण्यापूर्वीच विचारा.

सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली डॉ. आंबेडकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. त्याच वडोदऱ्यातल्या एका मुलीची फी एका सहीपायी अडावी, हे आम्हाला बोचते. येत्या जूनमध्ये कोणाच्याही आईच्या पाटल्या त्या कारणाने उतरू नयेत.