यादीत नसलेले नाव

आमचे नाव मतदारयादीत नव्हते. हे वाक्य लिहिताना लेखणी अडखळते, म्हणून ते आरंभीच लिहून मोकळे होतो.

२० मे २०२४ रोजी आमच्या भागात लोकसभेचे मतदान झाले. त्याआधी लागोपाठ दोन रविवारी आम्ही मतदानाच्या कर्तव्यावर प्रवचन दिले होते. मतदानाच्या दिवशी सायंकाळच्या मिस्सानंतर एका वृद्ध भगिनीने शाई लागलेले आपले बोट कौतुकाने पुढे केले आणि सहज विचारले, “फादर, तुमचं बोट बघू?” आमचे बोट कोरे होते. “आमचं नाव जुन्या धर्मग्रामातच राहिलं,” आम्ही उत्तरलो. तेही अर्धसत्यच होते. जुन्या यादीतून ते केव्हाच वगळले गेले होते, आणि नव्या यादीत घालण्यासाठी बदलीनंतरच्या सात वर्षांत आम्ही एक कागदही भरला नव्हता. ती बाई काही बोलली नाही. तिने आपले बोट पदराआड घेतले, जणू चूक तिचीच झाली होती.

घरोघरी भेटी देताना “आमचं नाव यादीत नाही” हे वाक्य आम्हांला वारंवार ऐकावयास मिळते. उतारवयातील माणसे ते खाली मान घालून सांगतात. आमचे सुशिक्षित तरुण मात्र ते मान वर करून सांगतात, आणि आमचा वाद आहे तो या वर केलेल्या मानेशी. कबुली आणि बढाई यांत अंतर आहे. आपल्या धर्मशिक्षणाप्रमाणे निवेदनाबरोबर पश्चात्ताप हवा आणि प्रायश्चित्तही हवे. जे निवेदन दरवर्षी त्याच शब्दांत, हसतमुखाने आणि काहीही न बदलता केले जाते, त्याला पापनिवेदन म्हणत नाहीत.

या मंडळींचा पहिला युक्तिवाद असा, की सारे पक्ष सारखेच, तेव्हा यादीबाहेर राहणे हाच आमचा निषेध. हा निषेध कोणाला दिसतो? मतदानाची टक्केवारी काढतात ती यादीतील नावांवर. ज्याचे नाव यादीत आहे आणि जो मतदानास गेला नाही, तो निदान गैरहजरांत तरी मोजला जातो. ज्याचे नावच नाही, तो गैरहजरांतही धरला जात नाही. एकही उमेदवार पसंत नसेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण यंत्रावर आले आहे. ते दाबलेले मत मोजून जाहीर केले जाते. परंतु ते बटण दाबण्यासही यादीत नाव लागते.

दुसरा युक्तिवाद आपल्या अल्पसंख्येचा: मूठभर ख्रिस्ती मतांनी काय होणार? येथे थोडा इतिहास आठवावा. १९३५ च्या कायद्याने काही प्रांतांत भारतीय ख्रिस्ती लोकांना स्वतंत्र मतदारसंघ होते. संविधान सभेच्या अल्पसंख्याक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे ख्रिस्ती होते, आणि येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा हे सभेचे सभासद होते. धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा नकोत, असा निर्णय १९४९ साली झाला तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी त्यास संमती दिली. आम्ही वेगळ्या दाराने येणार नाही, सर्वांबरोबर एकाच यादीत बसू, असा तो विश्वास होता. वडिलांनी वेगळे दार सोडले आणि मुलांनी सामाईक दाराकडे पाठ फिरवली, तर घराबाहेर राहिल्याची तक्रार कोणाकडे करावयाची? रस्ता, पाणी, दफनभूमी यांसाठी आपण लोकप्रतिनिधींना निवेदने देतो. त्यांखालच्या सह्यांतील किती नावे यादीत आहेत, हे त्यांचे कार्यकर्ते आपल्यापेक्षा अधिक अचूक जाणतात.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ साली, सुमारे २८ लक्ष स्त्रियांची नावे यादीतून गाळावी लागली. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची पत्नी’ एवढीच ओळख त्यांनी दिली होती. परक्या माणसाला स्वतःचे नाव सांगण्याची त्यांना चाल नव्हती. त्या स्त्रियांना नाव सांगू दिले गेले नाही. आपल्याला कोणी अडवले आहे?

तिसरा आक्षेप थेट आमच्यावर येतो: धर्मगुरूंनी राजकारणात पडू नये. मान्य. धर्मगुरूने पक्षकार्यात सक्रिय होऊ नये, सत्तेची पदे स्वीकारू नयेत, हा ख्रिस्तसभेच्या कायद्याचाच दंडक आहे. मत कोणाला द्यावे हे आम्ही सांगितले नाही, सांगणारही नाही. परंतु मतदान ही केवळ आवडनिवड नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली, आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात, नागरिकांना मताचा हक्क तसेच कर्तव्यही स्मरणात ठेवण्यास सांगितले. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथाने कर भरणे, मतदान करणे आणि देशाचे रक्षण करणे ही नैतिक कर्तव्ये एकाच ओळीत बसविली आहेत. कर चुकविणाऱ्याला आपण बोल लावतो, मग मत चुकविणाऱ्याला का नाही?

संत लूक सांगतो, की परक्या सम्राटाच्या हुकमावरून योसेफ गरोदर मरियेसह नासरेथहून बेथलेहेमला नावनोंदणीसाठी गेला. ती शिरगणती प्रजेची होती, राज्यकर्ते निवडणाऱ्यांची नव्हे. दर नाताळात आपण तो प्रसंग गव्हाणीत मांडतो आणि आपल्या हक्काच्या नोंदणीसाठी आपल्याला सवड होत नाही.

आम्हां धर्मगुरूंना तर सबबच नाही. बाप्तिस्म्याची नोंद नसेल तर आम्ही विवाहाचा अर्ज परत करतो. वहीतल्या नावाचे मोल आमच्याइतके कोण जाणतो?

तेव्हा प्रायश्चित्ताचे बोलू. नव्या मतदारासाठी नमुना ६ आहे, पत्ता बदललेल्यासाठी नमुना ८. २०२२ पासून वर्षातून चार तारखा धरल्या जातात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर. त्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण झालेल्याचे नाव घालता येते. खिशात ओळखपत्र असणे म्हणजे यादीत नाव असणे नव्हे. यादी दरवर्षी डोळ्यांनी पाहावी. उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर त्या निवडणुकीसाठी नवे नाव चढत नाही, म्हणून प्रचाराचे कर्णे वाजू लागण्याची वाट पाहू नये. आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांचे भारतीय नागरिकत्व कायम असेल, तर २०११ पासून त्यांनाही नमुना ६अ भरून गावच्या यादीत नाव घालता येते. मतदानास मात्र स्वतः यावे लागते.

आम्ही नमुना ८ भरू शकलो नाही, कारण स्थलांतर करण्यापुरतेही आमचे नाव कोठे उरले नव्हते. आम्हांला अठरा वर्षांच्या मुलांचा नमुना ६ भरावा लागला. तो भरताना आमच्या शेजारी आमच्याच युवा गटातील एक मुलगी बसली होती. तिचा कागद आमच्याआधी भरून झाला. आता आमचे नाव यादीत आहे. पुढच्या मतदानाच्या सायंकाळी त्या वृद्ध भगिनीला आपले बोट पदराआड घ्यावे लागणार नाही.