गोळा विकला आणि वात लावायलाही गेले : राजापूरच्या वखारीचा ‘निरुपद्रवी’ व्यापार

समाजमाध्यमांवर दर काही महिन्यांनी एक विधान नव्याने उगवते. मार्च १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूर लुटले, निरुपद्रवी इंग्रज व्यापाऱ्यांना कैद केले आणि परकीय व्यापारावर अकारण घाला घातला, असे ते विधान. ते करणारे स्वतःस तटस्थ म्हणवतात. या तटस्थतेची परीक्षा घेण्यास एकाही मराठी बखरीची गरज नाही. कंपनीचा स्वतःचा पत्रव्यवहार त्यासाठी पुरेसा आहे.

राजापूर हे त्या काळी आदिलशाहीचे भरभराटीचे बंदर होते. खाडीच्या मुखाशी जैतापूर, आत अर्जुनेच्या काठी पेठ, आणि घाटावरून उतरणारा माल. येथील इंग्रज वखारीचा प्रमुख होता हेन्री रेव्हिंग्टन. १६६० च्या आरंभी, मराठ्यांनी धरलेल्या आपल्या माणसाच्या सुटकेसाठी तो महाराजांना आर्जवाची पत्रे लिहीत होता. त्याच वर्षी सिद्दी जौहरने पन्हाळ्यास वेढा घातला, महाराज गडावर अडकले, आणि रेव्हिंग्टनला आदिलशाही दरबाराची मर्जी संपादण्याची संधी दिसली. तो उखळी तोफ व गोळे घेऊन पन्हाळ्याच्या पायथ्याशी हजर झाला.

येथे ‘त्यांनी केवळ माल विकला’ हा बचाव हमखास पुढे येतो. तो तपासण्यासाठी त्या मालाचे स्वरूप समजून घ्यावे लागते. साधी तोफ भरीव गोळा तटावर आदळवते. आखूड नळीची उखळी तोफ पोकळ लोखंडी गोळा उंच कमानीने तटापलीकडे टाकते. गोळ्याच्या पोटात दारू असते आणि तोंडाशी वात. वात आखूड कापली तर गोळा हवेतच फुटतो. लांब राहिली तर तो जमिनीवर पडून धुमसत राहतो आणि गडावरच्या माणसांना दूर पळण्यास अवधी मिळतो. अंतर, दारूचे माप आणि वातीची लांबी यांचा मेळ बसला तरच हे शस्त्र कामाचे. तो मेळ बसवणारा हात गिऱ्हाइकाला विकता येत नाही. तो सोबत न्यावा लागतो. इंग्रज तो घेऊन गेले, आणि वर आपले निशाण फडकावून त्यांनी मारा केला!

हा भेद आजच्या वाचकास अपरिचित नसावा. १९६२ च्या युद्धात भारतीय जवानांच्या हाती प्रामुख्याने जुनी .३०३ रायफल होती. पुढे तिची जागा ईशापूरच्या कारखान्यात तयार झालेल्या ७.६२ मिमीच्या एसएलआरने घेतली. या रायफलीत गोळीमागून येणाऱ्या वायूचा थोडा अंश नळीच्या छिद्रातून वर घेतला जातो. तो दट्ट्या मागे रेटतो, रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत येते. वायू किती लागू द्यायचा हे जवान एक कडे फिरवून ठरवतो. नळीच्या तोंडावरून ग्रेनेड फेकायचा असेल तर तो वायूची वाटच बंद करतो, म्हणजे सारा जोर ग्रेनेडच्या मागे लागतो. ही कळ वापरणाऱ्याच्या बोटांत आहे. १६६० मध्ये जौहरच्या छावणीतील कळ राजापूरच्या वखारवाल्यांच्या बोटांत होती. म्हणून त्यांना विक्रेते म्हणणे चुकीचे आहे. ते त्या वेढ्यातील योद्धे होते.

त्यांच्या माऱ्याने वेढ्याचा निकाल लागला नाही, ही गोष्ट वेगळी. जुलैच्या पावसात महाराज निसटले, खिंडीत बाजीप्रभूंनी देह ठेवला.

पुढच्या वर्षी राजापूरवर मराठी फौज आली. त्या स्वारीत द्रव्याचा हेतू नव्हताच, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. शहरातील धनिकांकडून वसुली झाली, खणत्या लावून पुरलेले धन काढले गेले. स्वराज्याला पैसा हवा होता आणि राजापुरात तो होता. महाराजांच्या गौरवासाठी हे झाकणारेही इतिहासाशी प्रतारणाच करतात. परंतु वखारीच्या माणसांना धरून सोनगडासारख्या किल्ल्यांवर १६६३ च्या आरंभापर्यंत अडकवून ठेवण्याचे कारण द्रव्यापुरते नव्हते, आणि ते कोणाहून अधिक स्पष्टपणे सुरतेच्या इंग्रजांना ठाऊक होते.

कैदेतील इंग्रज सुटकेसाठी सुरतेकडे तक्रारी करीत राहिले. सुरतेच्या वरिष्ठांनी १६६२ मध्ये त्यांना जे उत्तर दिले, त्याचा आशय असा : तुम्ही कंपनीच्या मालाचे रक्षण करताना पकडले गेला नाहीत, पन्हाळ्याच्या वेढ्यात जाऊन, इंग्रजांचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निशाणाखाली गोळे फेकलेत, आणि तुमच्या कैदेचे कारण तेवढेच. मालकांनी नोकरांना खासगीत दिलेला हा कबुलीजबाब आहे. जाहीर व्यवहारात मात्र त्याच कंपनीने नुकसानभरपाईचा तगादा वर्षानुवर्षे चालू ठेवला. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला, त्या तहातही राजापूरच्या नुकसानीपोटी दहा हजार होनांची रक्कम मान्य करून घेण्यात आली. व्यापारी कंपनीची नीती एका हाताने कशी लिहिते आणि दुसऱ्याने कशी मागते, याचा इतका स्वच्छ नमुना विरळा.

मराठी राज्याने मात्र टोपीकरांची ही जात ओळखली होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त त्यांना इतर सावकारांसारखे समजू नये, समुद्रतीरी व खाडीकाठी जागा देऊ नये, पक्की इमारत बांधू देऊ नये, असा स्पष्ट इशारा आहे. ‘अकारण घाला’ हा शब्द वापरणाऱ्यांनी हा इशारा मराठ्यांचा पूर्वग्रह म्हणून हवा तर बाजूला ठेवावा. सुरतेच्या पत्राचे काय करायचे, तेवढे आधी सांगावे.