कायद्याचे कपाट कुणासाठी?

१९२३ साली जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने अफूसंबंधी एक कायदा केला. केला म्हणजे ठराव संमत केला आणि दप्तरात ठेवून दिला. तो राजपत्रात छापला गेला नाही, त्याची दवंडीही पिटली गेली नाही. पुढे हरला नावाच्या एका इसमाला या कायद्याखाली पन्नास रुपये दंड झाला आणि त्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५१ साली न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस त्याच वर्षी नागपूर उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशपदावरून दिल्लीला गेले होते. त्यांच्या म्हणण्याचे सार असे की, ज्या कायद्याची लोकांना वार्ता नाही, आणि शोध घ्यायचे ठरवले तरी जो त्यांना सापडण्याची सोय नाही, त्या कायद्याखाली त्यांना शिक्षा करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही.

या निकालाला आता जवळपास पाऊणशे वर्षे झाली. आज प्रत्येक कायदा राजपत्रात छापला जातो. म्हणून न्यायमूर्ती बोस यांनी घातलेली अट पुरी झाली, असे आपण गृहीत धरतो. ती खरोखर पुरी झाली आहे काय, हा प्रश्न मुंबईच्या सचिवालयीन वातावरणात विचारण्यापेक्षा यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यात विचारणे अधिक बरे.

लोहारा निवडण्याचे कारण आहे. हे काही डोंगरात हरवलेले गाव नव्हे. जिल्ह्याचे मुख्य न्यायालय येथून हाकेच्या अंतरावर आहे. येथे औद्योगिक वसाहत आहे आणि भोवती कापसाचा, सोयाबीनचा व तुरीचा मुलूख आहे. म्हणजे कारखान्यातला कामगार, शेतमजूर आणि कर्जदार शेतकरी हे तिघेही येथे एकमेकांचे शेजारी आहेत. या तिघांच्या आयुष्यात कायदा रोज दखल देतो. पण तो वाचायचा झाला तर त्यांनी कोठे जावे?

मजूर, सावकार आणि फाटकावरची पाटी

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या वेळी चौकशी झाली, मदत जाहीर झाली, बातम्या आल्या. परंतु १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आणि त्याखालील १९७१ चे नियम त्याआधी चार-साडेचार दशके अस्तित्वात होते. कीटकनाशक हाताळणाऱ्या व फवारणाऱ्या माणसाला संरक्षक कपडे व साधने मिळावीत, डब्यावरची पट्टी व सोबतचे माहितीपत्रक त्या प्रदेशाच्या भाषेतही असावे, असे त्या नियमांत लिहिलेले आहे. हे नियम ज्याच्या जिवासाठी केले त्या मजुराने ते कधी पाहिले होते काय? ते पाहता येतील अशी जागा त्याच्या गावात होती काय?

शेतकऱ्याचीही तीच गत. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने अवैध सावकारीच्या व्यवहारात गिळलेली जमीन चौकशीअंती मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिला आहे. कायदा चांगला आहे. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करता येतो हे ठाऊक असावे लागते. सावकाराला कायद्यातले बारकावे सांगणारा माणूस असतो. ऋणकोला ते सांगणारा बहुधा सावकारच असतो. शेतकऱ्याच्या नाडणुकीत सरकारी दप्तर, कोर्टकचेरी आणि अक्षरशून्यता यांचा वाटा किती मोठा आहे, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्येच ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून मांडले होते. अक्षरशून्यता पुष्कळ हटली. दप्तराचे गूढ मात्र कायम राहिले.

कारखान्याच्या बाबतीत आपल्याकडे एक फार मोलाची तरतूद होती. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियमाने असे बंधन घातले होते की, कामगाराच्या नोकरीच्या अटी, रजा, शिस्त, बडतर्फी यांचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत कारखान्याच्या प्रवेशद्वारापाशी फलकावर लावले पाहिजेत. कायदा फाटकावर आणून टांगण्याची ही कल्पना किती लोकशाहीवादी होती! महाराष्ट्रात ती पन्नास कामगारांच्या आस्थापनांनाही लागू होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता अमलात आल्या, एकोणतीस जुने कायदे त्यांत विलीन झाले, आणि स्थायी आदेशांची सक्ती तीनशे कामगारांच्या मर्यादेवर नेऊन ठेवण्यात आली. जिल्ह्याजिल्ह्यांतील औद्योगिक वसाहतींमध्ये तीनशे कामगारांचे कारखाने किती असतात, हे संघटनेत काम करणाऱ्यांना सांगायला नको.

त्याआधी १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा अधिनियम हे तिन्ही जाऊन त्यांच्या जागी नवे कायदे आले होते. अवघ्या दीड वर्षात फौजदारी आणि कामगार या दोन्ही क्षेत्रांतील कलमांचे आकडे आणि पुष्कळ ठिकाणी आशयही बदलला. ज्या एखाद्या वाचनालयात दहा वर्षांपूर्वी कुणी हौसेने कायद्याची पुस्तके घेतली असतील, तेथे ती आता दिशाभूल करणारी झाली. कादंबरी जुनी झाली तरी वाचता येते. कायद्याचे पुस्तक मात्र सतत नवे करावे लागते. म्हणूनच ते वर्गणीवर आणि देणगीवर चालत नाही.

ग्रंथालयाचा इतिहास आणि एक राहून गेलेली गाठ

कायद्याची ग्रंथालये जगात सुरू झाली ती वकिलांनी वकिलांसाठी. अमेरिकेत १८०२ मध्ये फिलाडेल्फियाच्या वकिलांनी भागभांडवल काढून पहिले विधी-ग्रंथालय उभारले. सामान्य नागरिकाचा विचार पुढे आला. १८९१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याने प्रत्येक काउंटीत, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्यात, जनतेला खुले असे कायद्याचे ग्रंथालय असावे असा कायदा केला. ज्याला वकील परवडत नाही त्याने तेथे बसून कलम वाचावे, नमुन्याचा अर्ज पाहावा, ग्रंथपालाला विचारावे. पुढे १९७७ मध्ये तर तेथील सर्वोच्च न्यायालयाने कैद्यालाही पुरेसे विधी-ग्रंथालय किंवा कायद्याची जाणकार मदत मिळाली पाहिजे असे ठरवले. १९९६ च्या निकालाने त्या हक्काला बरीच कात्री लागली, हेही सांगितले पाहिजे.

कॅलिफोर्नियाच्या या व्यवस्थेत एक दुबळा दुवा होता. ग्रंथालयांचा खर्च दिवाणी दाव्यांच्या शुल्कातील हिश्शावर अवलंबून ठेवला गेला. २००८ च्या मंदीनंतर दावे घटले तसे उत्पन्नही घटले, आणि नेमक्या ज्या काळात बेकार आणि बेघर झालेल्यांना कायद्याची गरज अधिक, त्याच काळात ग्रंथालयांचे तास कमी झाले. पैसा कोठून येतो यावर संस्था कुणाची राहते हे ठरते, हा त्यातला धडा आहे.

आपल्याकडेही सार्वजनिक पैशाने ग्रंथालय चालवण्याची परंपरा कमी थोर नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून बडोदे संस्थानात खेडोपाडी वाचनालये काढली. गावाने एक वाटा उचलला की प्रांतपंचायत आणि दरबार यांनी आपापला वाटा घालायचा, अशी ती पद्धत होती. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये ग्रंथालय कायदा केला. मुंबई प्रांतात १९३९ मध्ये खेर मंत्रिमंडळाने ग्रंथालय विकासासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद असफ फैजी यांना दिले. फैजी त्या वेळी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. कायद्याचा एवढा व्यासंगी माणूस ग्रंथालयाच्या आराखड्याला लाभला. तरीही ग्रंथालय आणि कायदा यांची गाठ आपल्या धोरणात पडायची राहूनच गेली.

१९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने राज्यभर अनुदानित वाचनालयांचे जाळे विणले. आज त्यांची संख्या बारा हजारांच्या आसपास आहे. पण मद्रासने १९४८ मध्ये आणि कर्नाटकाने १९६५ मध्ये स्वीकारलेला ग्रंथालय उपकर महाराष्ट्राने घेतला नाही. अनुदान शासनाच्या मर्जीवर राहिले. २०१२ नंतर वाढ मिळायला २०२२ उजाडले. तळाच्या ‘ड’ वर्गातील वाचनालयाचे संपूर्ण अनुदान ग्रंथपालाच्या किमान वेतनालाही पुरत नाही. त्यातून कायद्याची अद्ययावत पुस्तके कोण घेणार? दुसरीकडे कायद्याची जी पुस्तके जिल्ह्यात आहेत ती न्यायाधीशांच्या, वकील संघांच्या आणि विधी महाविद्यालयांच्या कपाटांत. वकील संघांनी आपल्या वर्गणीतून ग्रंथसंग्रह उभे केले याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. दोष आहे तो, कायदा ही वकिलांची व्यावसायिक सामग्री आहे असे मानून स्वस्थ बसलेल्या शासनाचा.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, आता सारे कायदे मोबाईलवर फुकट मिळतात. केंद्र व राज्य सरकारांचे अधिनियम संकेतस्थळावर आहेत, सर्वोच्च न्यायालयाचे निकाल जानेवारी २०२३ पासून विनामूल्य खुले झाले आहेत, काहींचे मराठी अनुवादही होतात. हे स्वागतार्ह आहे. पण हजारो कलमांतून आपल्याला लागू पडणारे कलम शोधून देणारी सूची, टीप, सारांश ही विकत घ्यावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने मोडक प्रकरणात स्पष्ट केले की निकालाचा मूळ मजकूर सर्वांचा आहे, मात्र प्रकाशकाने त्यावर केलेल्या कौशल्याच्या संपादनावर त्याचा हक्क राहतो. निकाल न्याय्य असेल. परिणाम असा की कायद्याचा कच्चा माल जनतेचा आणि वापरण्याजोगा माल बाजाराचा. ही दरी सार्वजनिक ग्रंथालयच भरून काढू शकते.

दुसरा आक्षेप : मोफत कायदेविषयक साहाय्य आहे ना? आहे. १९७६ च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क आला, १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९९५ पासून अमलात आला. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळू शकतो. पण हे साहाय्य बहुधा तंटा उभा राहिल्यावर मागितले जाते. ग्रंथालयाचे काम तंट्याच्या आधीचे आहे. सही करण्यापूर्वी करारनामा समजून घेता आला तर निम्मे तंटे उंबऱ्याबाहेरच राहतील.

तिसरा आक्षेप जाणत्यांचा असतो : अर्धवट ज्ञान धोक्याचे. मग अज्ञान सुरक्षित आहे काय? कायद्याचे अज्ञान हा बचाव होत नाही, असे न्यायालये सांगतात. आणि प्रत्येकाला कायदा माहीत असतो असे कोणतेही गृहीतक नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानेच १९७८ मध्ये मोतीलाल पदमपत प्रकरणात सांगितले आहे. या दोन विधानांच्या मधली जबाबदारी कुणाची? माझ्या मते ती निःसंशय राज्यसंस्थेची आहे. जो आज्ञा देतो त्यानेच ती वाचायची सोय केली पाहिजे.

मागणी आणि काम

म्हणून मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक तालुक्यातील किमान एका मान्यताप्राप्त वाचनालयात आणि प्रत्येक औद्योगिक वसाहतीलगत कायद्याचे खुले दालन असावे. तेथे मराठीत अद्ययावत अधिनियम व नियम, अर्जांचे नमुने, एक संगणक आणि कायद्याची पुस्तके हाताळायला शिकलेला, पुरेसे वेतन मिळणारा ग्रंथपाल असावा. त्यासाठी १९६७ च्या अधिनियमाखाली स्वतंत्र, बांधील अनुदान हवे. ते न्यायालयीन शुल्कावर अधिभार लावून काढू नये. २०१८ मध्ये राज्याने या शुल्काची कमाल मर्यादा तीन लाखांवरून दहा लाखांवर नेली. न्याय मागायला येणाऱ्याच्याच खिशातून आणखी किती घ्यायचे? कायदा सर्वांना लागू आहे, तर तो वाचण्याचा खर्चही सर्वसाधारण महसुलातून झाला पाहिजे.

शासन जागे होईपर्यंत आपण थांबण्याचे कारण नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार, एखाद्या अधिनियमाचा शासनाने मराठी अनुवाद केलेला नसेल, किंवा केलेला अनुवाद विक्रीला उपलब्ध नसेल, तर तो अनधिकृत असल्याची नोंद करून कुणालाही अनुवाद प्रसिद्ध करता येतो. जिल्ह्यातील वकील मित्र, शिक्षक आणि युनियनचे कार्यकर्ते यांनी मिळून फवारणीचे नियम, सावकारी अधिनियमातील तरतुदी आणि नव्या संहितांतील कामगाराशी संबंधित कलमे सोप्या मराठीत छापावीत. लोहाऱ्यासारख्या ठिकाणी आठवड्यातून एक संध्याकाळ वाचनालयात बसून ती वाचून दाखवावीत. ग्रामसभांनी आणि नगरपालिकांनी कायद्याच्या दालनाचा ठराव करून ग्रंथालय संचालनालयाकडे पाठवावा; शंभर ठराव पोचले की त्यांना केराची टोपली दाखवणे अवघड जाते.

याच जिल्ह्यात १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला. अणे वकील होते. कोणता कायदा आपण मोडतो आहोत आणि त्याची शिक्षा काय, हे त्यांना पुरते ठाऊक होते. अन्यायी कायद्याला उघडपणे आव्हान देण्याचे नैतिक बळ त्या जाणिवेतून येते, आणि न्याय्य कायद्याची अंमलबजावणी मागण्याचेही. ही जाण आज यवतमाळच्या कोर्टाच्या आवारात आहे. ती लोहाऱ्याच्या फाटकापर्यंत आणि शिवारापर्यंत नेण्याचे काम आपल्याला हाती घ्यावयाचे आहे.