बाथटब हवा की नुसता शॉवर?

सॅम्पल फ्लॅट पाहायला गेलेले कुटुंब बाथरूमच्या दारात हमखास रेंगाळते. पांढराशुभ्र टब, काठावर घडी घातलेला टॉवेल, कोपऱ्यात फुलदाणी! मुले तर टबात उतरूनही पाहतात. सासूबाई मात्र हळूच विचारतात, "इथं बादली ठेवायची कुठं?"

त्यांचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मुंबई असो, दिल्ली असो की बंगळुरू, आपल्याकडे बहुतेक घरांत अंघोळ बादली-तांब्याने, फार तर शॉवरखाली होते. टबाची हौस आली ती सिनेमातून आणि हॉटेलांतून.

राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे संडास-बाथरूम एकत्र असेल, तर किमान २.८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३० चौरस फूट जागा हवी. साडेपाच फूट लांब आणि अडीच फूट रुंद टब त्यातली जवळजवळ १४ चौरस फूट अडवतो. मग कपडे कुठे धुवायचे? दिवाळीच्या पहाटे पाट मांडून मुलांना उटणे कुठे लावायचे?

पाण्याचे गणित त्याहून अवघड. टब बेताचा भरला तरी दीडशे लिटर पाणी जाते. शहरांतल्या पाणीपुरवठ्याचे नियोजन साधारणपणे माणशी रोज १३५ लिटर धरून होते. म्हणजे स्वयंपाक, धुणीभांडी धरून दिवसभराच्या वाट्यापेक्षाही जास्त पाणी एकाच अंघोळीत! बादलीत १५ ते २० लिटर भागते. शॉवरमधून मिनिटाला आठ-दहा लिटर वाहते, तेव्हा पाच मिनिटांची अंघोळ परवडते. पण गाणी म्हणत पंधरा मिनिटे उभे राहणाऱ्यांनी टबाला नावे ठेवू नयेत. २०१९ चा चेन्नईचा उन्हाळा आणि २०२४ चा बंगळुरूचा ज्यांनी टँकरच्या रांगेत काढला, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

शिवाय गीझर. २५ लिटरच्या गीझरमधले कढत पाणी गार पाण्यात मिसळले, तर अंघोळीजोगे पाणी ५५-६० लिटर होते. टब अर्धासुद्धा भरत नाही, आणि पुन्हा पाणी तापायला लागतो अर्धा तास. तोवर टबातले निवलेले असते.

पाठदुखीच्या माणसाला कोमट पाण्यात पडून राहिल्याने आराम वाटतो, हे खरे. घरात दोन-तीन बाथरूम आणि पाणी मुबलक असेल, तर एका ठिकाणी टब खुशाल असावा. पण एकच बाथरूम असेल आणि घरात म्हातारी माणसे असतील, तर ओल्या पायाने दीड फुटाचा काठ ओलांडणे म्हणजे पडण्याला आमंत्रणच.

हा निर्णय फरश्या बसण्यापूर्वीच घ्यावा. नंतर टब काढायचा, तर लाद्या फुटतात, वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागते. टब भोवतीने बांधून बंद केलेला असला, तर खालची गळती आपल्याला दिसतच नाही; दिसते ती खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला, आणि मग रोजची भांडणे. टब हवाच असेल, तर दुरुस्तीसाठी बाजूला छोटे झाकण ठेवायला सांगावे. नको असेल, तर त्याची किंमत वजा करून घ्यावी आणि त्या जागी शॉवर, बादली भरायला खालचा नळ, बसायला कट्टा आणि भिंतीला धरायला पक्की दांडी मागावी. बिल्डरकडून हे सारे लेखी घ्यावे. तोंडी कबुली ताबा घेताना कुणालाच आठवत नाही.