नकाशांचे खुले दप्तर
अमेरिकन सैन्याच्या नकाशा-खात्याने गेल्या शतकाच्या मध्यास भारत व पाकिस्तान यांचे १ : २,५०,००० प्रमाणावर, म्हणजे एका सेंटिमीटरात अडीच किलोमीटर मुलूख बसवून, जे नकाशे सिद्ध केले, ते ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्टान्येडा ग्रंथालयाने अर्ज वा शुल्काची अट न घालता जगास खुले केले, ही विद्येची खरी सेवा होय. त्यांतील सह्याद्रीच्या समोच्च रेषा, घाटवाटा आणि रोमन लिपीत काहीशी वेडीवाकडी उतरलेली ग्रामनामे न्याहाळण्यासाठी आपल्या अभ्यासकास टेक्सासचा आश्रय घ्यावा लागतो, याचा मला विषाद वाटतो. आपल्या विद्यापीठांनी संग्रही असलेले जीर्ण नकाशे कपाटांतून बाहेर काढावेत, घडीवर विरलेल्या कागदांस अस्तर लावावे, त्यांच्या स्वच्छ प्रतिमा विनामूल्य द्याव्यात, आणि त्यासाठीची तरतूद येत्या अंदाजपत्रकातच मंजूर करावी.