'राजी'त दोष आहेत. मग?

मंडळी, 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा व्हिडिओ गेम मला आवडतो म्हटल्यापासून घरात दोन पक्ष पडलेत. थोरली मंडळी म्हणतात, "ह्या वयात ह्यां काय?" त्यांना उत्तर देत बसत नाही. दुसरा पक्ष नातवंडांचा. त्यांच्या मते इतके दोष असलेला गेम आवडणे म्हणजे अडाणीपणा!

दोष आहेतच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेला हा खेळ चार-पाच तासांत आटोपतो, मारामारी अडखळते, शेवट तर कुणी पुढचे पान फाडून नेल्यासारखा. पण महाबलासुराच्या राक्षसांनी पळवलेल्या गोलूसाठी त्रिशूळ घेऊन निघालेली ती सर्कशीतली पोर, सावल्यांच्या बाहुल्यांतून उलगडणारी कथा, विष्णू-दुर्गेचे आपसातले बोलणे... हे दुसऱ्या कुठल्या गेममध्ये आहे, दाखवा!

आमच्या दशावताराला लिखित संहिता नसते. संवाद उभ्या उभ्या सुचतात, कधी फसतात. तलवार लाकडाची. म्हणून जत्रेतून कोणी उठून जातो? उजाडेपर्यंत बसतो आपण!

आणि पुण्यात झाला म्हणून डोक्यावर घ्या, असेही मी म्हणत नाही. पस्तीस वर्षे पेपर तपासले. शुद्धलेखनाला लाल रेघ मारायची आणि निबंध जिवंत असेल तर गुणही द्यायचे, दोन्ही एकाच पेनाने.

असो. नातवाचा शंभर तासांचा परदेशी गेम महिनाभर अर्ध्यावर पडलाय. माझी 'राजी' तिसऱ्यांदा चालू आहे.