दुरुस्तीनंतर परवाना कोणाचा?

आपल्या भागात बिघडलेली वस्तू फेकून देण्याची रीत नाही. विहिरीवरची मोटार जळाली की ती मोटारसायकलवर बांधून तालुक्याला नेतात, कारागीर जळकी तार उपसून नवी भरतो, आणि दोन-चार दिवसांनी तीच मोटार हळदीला पाणी देऊ लागते. आतली सगळी तार बदललेली असते, कधी बेअरिंगही बदललेले असते. तरी ती मोटार आता तुमची राहिली नाही असे कोणी म्हणत नाही. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला दुरुस्तीचा अर्थ एवढाच ठाऊक होता. महाविद्यालयात आल्यावर संगणकाशी गाठ पडली आणि कळले की या यंत्राच्या जगात न्याय निराळा आहे.

आम्ही विद्यार्थी जिथे प्रकल्प आणि अर्ज टंकून घेतो, त्या दुकानातला संगणक गेल्या पावसाळ्यात विजेच्या कमी-जास्त दाबाने बंद पडला. मदरबोर्ड जळाला होता. दुकानदार काकांनी तो नांदेडला नेला, जुन्या बाजारातला दुसरा बोर्ड बसवून घेतला. पडदा उजळला, फायली जशाच्या तशा होत्या. परंतु मराठी टंकलेखनाचे सॉफ्टवेअर, जे त्यांनी पावती घेऊन रोख पैशाने विकत घेतले होते, ते उघडेना. 'या संगणकावर परवाना वैध नाही' एवढेच ते सांगत राहिले. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळाले की तुमचा परवाना जुन्या यंत्रावर खर्ची पडला, नवा घ्या. काका म्हणाले, "बोर्ड बदलला बाबा, पण मी तर तोच हाय ना?" या प्रश्नाला फोनवर उत्तर नव्हते. आठ-दहा दिवस दुकान अडले, आणि दुकानाबरोबर आमच्यापैकी कित्येकांचे प्रकल्पही.

मित्रहो, यात भाषेचाही एक पेच आहे. अशा जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. तो फाँट नसला की आपला लेख पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होऊन दिसतो. म्हणजे परवाना अडला की नुसते यंत्र अडत नाही, लिहिलेले मराठीही कुलपात जाते. देवनागरीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते १९९१ साली. त्यात टंकलेला मजकूर कुठल्याही संगणकावर वाचता येतो, आणि त्याचा कळफलक संगणकात आयताच असतो. तरीसुद्धा तालुक्याच्या गावी अजून जुन्या फाँटचे राज्य पुष्कळ ठिकाणी टिकून आहे.

हे कुलूप आले कसे तेही पाहू. पूर्वी महाग सॉफ्टवेअरबरोबर संगणकाच्या पाठीमागे खोचायची एक डबी मिळे, तिला डाँगल म्हणत. डबी तुमच्या हातात असे. यंत्र बदलले तरी ती काढून दुसरीकडे लावता येई. पुढे २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीबरोबर अ‍ॅक्टिव्हेशनची सक्ती सर्वसामान्य ग्राहकापर्यंत आणली. २५ अक्षरांची किल्ली टाकायची, मग सॉफ्टवेअर संगणकाच्या सुट्या भागांची ओळख टिपून घेई, आणि एक्सपीत ३० दिवसांत ही नोंदणी झाली नाही तर काम थांबे. भाग फार बदलले की संगणक नवाच समजला जातो. त्यातही जे विंडोज संगणकासोबतच विकले जाते, त्याचा परवाना मुख्यतः मदरबोर्डला बांधलेला असतो. बिघाडामुळे बोर्ड बदलला तर सवलत आहे, असे त्यांचाच नियम सांगतो. पण यंत्राला बिघाड कोणता आणि हौस कोणती हे कसे कळावे? ते पटवून देण्याचे काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडते. आणि जुन्या संगणकाचा तोच बोर्ड बाजारात सापडेल तर शपथ!

कंपन्यांची बाजू मला समजत नाही असे नाही. एक प्रत घ्यावी आणि गावभर वाटावी हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो, आणि ज्याने बुद्धी खर्चून वस्तू घडवली त्याला मोबदला मिळालाच पाहिजे. परंतु या कुलपाने अडवले कोणाला? ज्याने चोरीची प्रत वापरली, त्याच्या प्रतीतले कुलूप आधीच फोडलेले असते. बोर्ड जळो की डिस्क जळो, त्याचे काम दुसऱ्या दिवशी सुरू. अडला तो पावती जपून ठेवणारा. बाजारात शेजारचेच दुकान 'फोडलेली प्रत' टाकून द्यायला तयार असते. काकांनी ती घेतली नाही; घेतली असती तर गुन्हेगार ठरले असते. कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब कलमाप्रमाणे जाणूनबुजून चोरीची प्रत वापरणाऱ्याला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. आणि त्याच कायद्याचे ५२ वे कलम कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत करू देते. विकत घेतलेली वस्तू अपघाताने बुडू नये हे कायद्यालाही मान्य आहे. मग ती राखीव प्रत नव्या बोर्डावर चालणारच नसेल तर त्या कलमाचा उपयोग तो काय?

जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने यांचा विचार तिच्यापुढे होता. सुटे भाग मिळावेत, माहिती मिळावी, हे ठीकच. माझे म्हणणे असे की दुरुस्तीनंतर वस्तू पूर्वीसारखी चालणे हाही त्या हक्काचाच भाग धरला पाहिजे. परवाना पावतीवरच्या माणसाच्या नावे असावा, आणि दुरुस्तीची पावती दाखवली की तो विनामूल्य नव्या बोर्डावर चढवून मिळावा. कंपनीच बंद पडली तर काय, याचेही उत्तर विकतानाच लेखी द्यावे.

तोपर्यंत आपल्या हातात काहीच नाही असेही नाही. लिब्रेऑफिससारखे मोफत आणि अ‍ॅक्टिव्हेशन न मागणारे सॉफ्टवेअर आहे, त्यात युनिकोड मराठी उत्तम चालते. आपल्या महाविद्यालयातील संगणक कक्षासाठी पुढची खरेदी होईल तेव्हा बोर्ड बदलल्यास परवान्याचे काय, हा एक प्रश्न कार्यालयाने विक्रेत्याला लेखी विचारावा, एवढी माझी प्राचार्य महोदयांना नम्र विनंती आहे. आणि या वार्षिकांकाचे लेख मागवताना संपादक मंडळाने 'युनिकोडमध्येच पाठवा' अशी सूचना फलकावर लावावी; म्हणजे छापखान्यातला संगणक जळाला तरी आमचे लेख वाचता येतील.